बुरशी विकणाऱ्या बाईचे सल्ले

रत्नागिरीत बुरशी विकत घेणारा माणूस शोधणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड संशोधन. जुलै उजाडला की आमच्याकडे ती चपलांवर, लोणच्याच्या बरणीवर, लग्नाच्या अल्बमवर आणि भिंतीवरच्या पूर्वजांवर फुकट उगवते. अशा गावात मी पन्नाशीला सरकारी संशोधन केंद्रातली नोकरी सोडली आणि बुरशी तयार करून विकणारी कंपनी काढली. ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा माझा नवरा मांडवीच्या घराच्या ओटीवर बसून आपल्या चामड्याच्या पट्ट्यावरची बुरशी फडक्याने पुसत होता. वर न बघता तो म्हणाला, "ही घेऊन जा. माझ्याकडून भांडवल."

या अंकाच्या संपादकांनी मला "जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढू पाहणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना मार्गदर्शन करा" असं सांगितलं आहे. मार्गदर्शन या शब्दाचाच मी धसका घेतला आहे. पहिल्या तीन वर्षांत आमचं जे काही वाटोळं झालं ते बहुतेक मार्गदर्शकांच्याच हातून झालं. पण संपादक ओळखीचे आहेत आणि नाही म्हणायची सवय मला कंपनी काढल्यापासून राहिलेली नाही, तेव्हा सांगते.

आधी आमचा धंदा काय ते. माडाला एक भुंगा लागतो. काळा, चकचकीत, नाकावर शिंग, म्हणून त्याला गेंड्या भुंगा म्हणतात. तो माडाच्या शेंड्यात भोक पाडून आत शिरतो आणि न उमललेला कोंब खातो. नंतर पान उलगडतं ते कात्रीने कापल्यासारखं. मोठा माड हे सोसतो, लहान माडाचा कोंबच गेला तर तो मरतो. ही झाली भुंग्याची तरुणपणची कामगिरी. त्याचं बालपण मात्र खताच्या खड्ड्यात जातं. आमच्याकडे त्या खड्ड्याला गायरी म्हणतात. तिथे त्याची अंगठ्याएवढी जाड पांढरी अळी शेणखत खाऊन मजेत वाढत असते. आमची हिरवी बुरशी या अळीला लागते आणि अळी मरते. माणसाला, गुराला काही होत नाही. आम्ही करतो ते इतकंच, की अर्धवट शिजवलेल्या तांदळाच्या कणीवर ही बुरशी वाढवतो, वाळवतो, पूड करतो आणि पिशवीत भरून विकतो. गायरीत टाकायची आणि विसरून जायचं.

हे मी आता दोन मिनिटांत सांगितलं. तेव्हा मला दोन मिनिटांत सांगता येत नव्हतं. मी आणि माझे सहकारी डॉ. सुर्वे, दोघांनी मिळून कंपनी काढली. सुर्वे माझ्याच केंद्रातले, अतिशय हुशार, आणि कुठलंही वाक्य "तसं पाहिलं तर" ने सुरू करणारे. आमचे पहिले चार महिने कंपनीचं नाव ठरवण्यात गेले. त्यांना संस्कृत हवं होतं, मला उच्चारता येईल असं. मग बोधचिन्ह झालं, मग ओळखपत्रं छापली. मी मुख्य कार्यकारी अधिकारी, ते मुख्य शास्त्रीय अधिकारी. कंपनीत तिसरं माणूस नव्हतं आणि बुरशी आमच्या घरच्या फ्रीजमध्ये कोकमाच्या आगळाशेजारी एका नळीत होती. तरुण मित्रहो, आधी बुरशी फ्रीजबाहेर काढा, ओळखपत्रं मागाहून छापता येतात.

एमआयडीसीत एक शेड मिळाली. आजूबाजूच्या गावांतल्या सहा बायका कामाला आल्या. पहिली भट्टी पूर्ण फसली. सुर्व्यांनी कणी किती भिजवायची, किती वाफवायची याचं पान भरून टिपण केलं होतं, आकडे दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. त्याप्रमाणे केलं तर पिशव्यांत चिकट गोळे झाले आणि त्यांवर आमची सोडून बाकी सगळ्या बुरश्या वाढल्या. सहा जणींतली रेश्मा पुढे आली, एक शीत बोटात दाबून बघितलं आणि म्हणाली, "सर, याची पेज झाली. जरा कच्चट ठेवा." दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं तेव्हा आच बंद केली आणि दोन आठवड्यांत पिशव्या हिरव्यागार झाल्या. नंतर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, कणी योग्य शिजली हे कुठल्या उपकरणाने ठरवता? मी म्हणाले, रेश्मा. त्यांनी तसं लिहून घेतलं नाही.

परवान्याचं प्रकरण याहून रंगलं. अर्जात एक रकाना होता, मालाची मुदत कधी संपते. मी लिहिलं की माल जिवंत आहे, कसा ठेवला जाईल त्यावर अवलंबून आहे. परवाना कार्यालयातले गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "जिवंत आहे तर मरण्याची तारीख लिहा." मी म्हटलं, ती कोणाची सांगता येते का हो? त्यांना ते बरंच लागलं असावं, कारण अर्ज पुढचे सहा महिने हलला नाही. कार्यालयात तत्त्वज्ञान सांगायचं नसतं, एवढं माझ्या वयाला कळायला हवं होतं.

गिऱ्हाइकांबद्दल तर स्वतंत्र लेख होईल. माल बाजारात गेल्यावर पहिल्याच महिन्यात एक बागायतदार पिशवी घेऊन तावातावाने शेडवर आले आणि टेबलावर आपटून म्हणाले, "मॅडम, तुमच्या मालाला बुरशी आलीय! बदलून द्या." मी अर्धा तास समजावलं. ते सभ्य गृहस्थ होते, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "ते सगळं बरोबर, पण त्यातल्या त्यात ताजी असेल ती द्या." दुसऱ्या एकांनी आमची पूड बुरशीनाशकात कालवून टाकली. औषधं दोन असली की गुण दुप्पट, हा त्यांचा हिशेब. त्यांच्या गायरीत अळ्या सुखात राहिल्या आणि आमची बुरशी मेली. त्यांनी चार गावांत सांगितलं की माल खोटा आहे. तुम्ही प्रयोगशाळेत जी काळजी घेता ती गिऱ्हाईक घेणार नाही. त्याला तुमच्याखेरीज दुसरे उद्योग असतात.

आता मुख्य गोष्ट. हा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला आणि इतका वेळ टाळत आले.

दोन वर्षांत आम्ही जेमतेम उभे होतो. शेड मोठी करायला, नवीन यंत्रं आणायला बाहेरचं भांडवल हवं होतं. त्यासाठी पुण्याच्या एका गुंतवणूक कंपनीच्या दारात गेलो. तिथे आम्हाला निनाद नावाचा तरुण मार्गदर्शक म्हणून दिला. पोरगा गुणी, नम्र, आणि सतत घाईत. पहिल्या भेटीत मी त्याला भुंग्याचं जीवनचक्र सांगायला सुरुवात केली. त्याने हात वर केला. "मॅडम, हे सगळं ग्रेट आहे. पण तुमची स्टोरी काय?" मी म्हटलं, हीच की, अंडी, अळी, कोष, भुंगा. तो म्हणाला, "नाही, नाही. भुंग्याची नको, तुमची." मग मी लहानपणी बुरशीने कशी भारावून गेले होते याची एक गोष्ट त्याने मला लिहून दिली. मी ती तीन सभांमध्ये सांगितली. चौथ्यांदा सांगताना मला ती खरी वाटायला लागली, तेव्हा बंद केली.

निनादला आणि त्याच्या वरिष्ठांना हवा होता पुरावा. शेतावरचा. पुराव्यासाठी आम्हाला हवी होती अशी माडांची वाडी, जिथे निम्म्या गायऱ्यांत पूड टाकायची आणि निम्म्या तशाच ठेवायच्या. या तशाच ठेवलेल्या भागाला आमच्या शास्त्रात कंट्रोल म्हणतात. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय औषधामुळे फरक पडला की आपोआप, हे सांगता येत नाही. दहा जणांना विचारलं. नऊ जण म्हणाले, औषध चांगलं आहे तर सगळीकडे टाका, वाईट आहे तर कुठेच टाकू नका.

दहावी होती जयगडच्या रस्त्याला आतल्या एका गावातली पार्वतीकाकी. साठीची, काटक, बोलायला फटकळ. नवरा आणि दोन्ही मुलगे मुंबईला, वाडी एकटी सांभाळायची. तिच्या दोन वाड्या. घराला लागून वरची वाडी, जुन्या मोठ्या माडांची. आणि पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून खालची वाडी, तिथे तिने स्वतः लावलेले लहान माड. पाच-सहा वर्षांचे, आता फळाला येतील असे. उन्हाळ्यात पऱ्याच्या डोहातून कळशीने पाणी घालून तिने ते जगवले होते. दोन्हीकडे तीन-तीन गायऱ्या. शास्त्रज्ञाने स्वप्नात बघावी अशी रचना. वरच्या वाडीत पूड, खालची कंट्रोल. काकी म्हणाली, "टाका काय टाकायचं तां. माज्याकडं कोण येतंय नायतरी." मोजून दिलेली पूड आम्ही तिच्या हाती सोपवली आणि परत आलो. पूड तिच्या हाती सोपवून परत येणं, ही चूक शास्त्रज्ञच करू शकतो. सही घेतली होती ना!

सहा महिन्यांनी गायऱ्या उकरल्या. वरच्या वाडीत अळ्या मेलेल्या, हिरव्या, कडक. सुर्व्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खालच्या वाडीत गेलो. तिथेही मेलेल्या, हिरव्या, कडक. सुर्वे पऱ्याच्या काठावर दगडावर बसले. पूड न टाकता अळ्या मेल्या असतील तर आमच्या पुडीची गरज काय? कंपनी त्या दगडावरच संपल्यासारखी वाटली.

पण शास्त्रज्ञाला फार वेळ दुःखी राहता येत नाही, त्याला लगेच उपपत्ती सुचते. परतीच्या वाटेवर, गाडी हातखंब्याला पोचायच्या आत, सुर्वे म्हणाले, "तसं पाहिलं तर, भुंगे इकडून तिकडे उडतात. अंगाला बुरशी घेऊन जात असतील." मी ब्रेकच दाबला. बरोबर! भुंगेच बुरशी वाहून नेतात! असं होऊ शकतं हे आम्ही वाचलेलं होतं. आठवडाभर आम्ही जेवणखाण विसरून पऱ्याचं अंतर मोजलं, वाऱ्याची दिशा काढली, भुंग्याच्या पायावरचे केस सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. ज्या बाईच्या हातात पूड दिली होती तिला एक प्रश्न विचारावा, हे दोन डॉक्टरेटवाल्यांना सुचलं नाही.

निनादला ही उपपत्ती ऐकवली तेव्हा तो खुर्चीतून उठला. "म्हणजे आपोआप पसरतं? एकदा टाका, गावभर जातं? मॅडम, हीच तर स्टोरी!" मी भीत भीत विचारलं, एकदा टाकून गावभर जात असेल तर दुसऱ्यांदा कोण विकत घेईल? निनाद परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "हे आपण स्लाईडवर नको घेऊया."

पुण्याहून निनाद आणि त्याचे तीन वरिष्ठ वाडी बघायला आले. पांढरेशुभ्र बूट घालून ते गायरीच्या काठावर उभे राहिले. काकीने सगळ्यांना कोकम सरबत आणि फणसाचे तळलेले गरे दिले. सुर्व्यांनी भुंग्याच्या उड्डाणावर दहा मिनिटं भाषण केलं. मग निनाद काकीकडे वळून म्हणाला, "काकी, हे भुंगे स्वतःच औषध घेऊन खालच्या वाडीत जातात, तुम्हाला कसं वाटतं?"

काकीने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. "भुंगं कशाला नेतील वो? मीच टाकलंय की! घमेल्यानं."

वरिष्ठांपैकी एकाच्या तोंडातला गरा तसाच राहिला.

"काकी," मी म्हटलं, "खाली टाकायचं नाही असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलाव तर! पन मना काय पटला नाय. वरच्या वाडीला औशद, मंग खालच्या वाडीनं काय घोडं मारलंन? घरात दोन सुना असल्यावर एकीलाच लुगडं घ्यायचं आन् दुसरीनं बघत ऱ्हायचं? मी आपलं अर्धं वर टाकलं, अर्धं खाली."

सुर्वे माझ्या कानाशी लागले, "तसं पाहिलं तर, म्हणजे निम्म्या मात्रेतही काम होतं." खरं होतं. आमच्या सगळ्या संशोधनातला तो सगळ्यात मोठा शोध होता आणि तो काकीने घमेल्याने लावला होता. पण कंट्रोल नसल्यामुळे तो सिद्ध करता येत नव्हता.

पाहुणे गाडीत बसताना निनाद मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, काकी जे बोलल्या ते रिपोर्टमध्ये घ्यायलाच हवं असं नाही. सरांनी नीट ऐकलं नसेल." मी म्हणाले, घ्यायला हवं. तेवढं एक बरं काम माझ्या हातून झालं. मी अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं, घमेल्यासकट. याचा मला अजून अभिमान आहे, आणि पुढचं सगळं आठवलं की तो अभिमान जरा उतरतो.

पुण्याहून उत्तर आलं ते सभ्यपणे आलं. एक वर्ष देतो. त्याच जागेवर नीट प्रयोग करा. फरक दिसला तर भांडवल, नाही तर आपला मार्ग वेगळा. मार्ग वेगळा म्हणजे शेडला कुलूप. रेश्मा आणि बाकी पाच जणी घरी. सुर्व्यांना नोकरी मिळाली असती, मला नवऱ्याचे पट्टे पुसत बसावं लागलं असतं. पण त्या सहा जणींना पुन्हा काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जावं लागलं असतं. आमच्याकडे येण्याआधी बहुतेक तेच काम करत होत्या. ते त्यांना नको होतं, हात काळे होतात, सोलवटतात.

मी एकटी काकीकडे गेले. तिच्या पडवीत बसून तिला कंट्रोल समजावलं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना जितकं शिकवलं नाही तितकं त्या दुपारी शिकवलं. सहा जणींचं सांगितलं, रेश्माचं सांगितलं. काकी काजूच्या बिया निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे खालच्या वाडीत अळ्या झाल्या, तरच तुमचं औशद खरं?"

इतकं नेमकं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. पण माडांना काही होणार नाही हो काकी. आम्ही फक्त अळ्या मोजणार. भुंगे बाहेर पडायच्या आत प्रयोग संपेल. मी स्वतः तुम्हाला सांगेन, आणि पहिली पिशवी खालच्या वाडीला. मी सांगेपर्यंत फक्त हात लावू नका."

तिने पऱ्यापलीकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. तुमी सांगेस्तोवर हात लावायची नाय. झालं?"

झालं. जुनं खत काढून दोन्हीकडच्या गायऱ्यांत ताजं शेण भरलं, वरच्या वाडीत पूड आम्ही स्वतः टाकली, आणि यावेळी तिने खरोखर हात लावला नाही. सहा महिन्यांनी गायऱ्या उकरल्या तर वरच्या वाडीत हिरव्या मेलेल्या अळ्या आणि खालच्या वाडीत घमेलीच्या घमेली जिवंत, गुबगुबीत, वळवळणाऱ्या. सुर्व्यांनी त्यांचे इतके फोटो काढले की लग्नातही काढत नाहीत. फरक इतका स्पष्ट होता की आलेख काढायचीसुद्धा गरज नव्हती. तरी काढला, आणि रंगीत काढला. आम्ही अळ्या मोजल्या, परत खड्ड्यात टाकल्या, नमुने घेतले आणि धावत पुण्याला गेलो. करार झाला. त्यांनी केक आणला होता, वर आमचं बोधचिन्ह हिरव्या क्रीममध्ये. बुरशीचा केक बघून माझा नवरा म्हणाला, आता हे खायचं की बदलून मागायचं?

मग कंपनी वाढली. वाढणं म्हणजे काय हे नव्या शास्त्रज्ञांना कोणी सांगत नाही. आधी तुम्ही बुरशीकडे बघता. मग बुरशीकडे बघणाऱ्यांकडे बघता. मग बघणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्यांच्या सभेला बसता. दुसरी शेड आली, रेश्मा भट्टीची प्रमुख झाली, माल शेजारच्या जिल्ह्यांत जाऊ लागला. पुण्याच्या आग्रहाखातर "शेतकरी नातेसंबंध विभाग" निघाला. त्यात चार जण. ते रोज सकाळी हजारो लोकांना मोबाईलवर "शुभ प्रभात, आपल्या माडाची काळजी घ्या" असा संदेश पाठवत. त्यात सूर्योदयाचं चित्र असे. आठवड्याला एक सभा होई आणि त्यात नातं किती घट्ट झालं याचा तक्ता दाखवत. मी त्या तक्त्यांना मान डोलावत असे.

एक दिवस ठरलं की संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर "आमचे भागीदार शेतकरी" म्हणून एक मोठा फोटो हवा. पार्वतीकाकीखेरीज दुसरं नाव कोणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. तिच्यावरच कंपनी उभी आहे, हे मी प्रत्येक भाषणात सांगत होते. पावसाळा संपल्यावर एका सकाळी छायाचित्रकाराला घेऊन मी तिच्याकडे गेले. प्रयोग संपून तोपर्यंत वर्षाच्या वर झालं होतं.

काकीने नवीन साडी नेसली. वरच्या वाडीत, जुन्या माडांखाली, हातात आमची पिशवी धरून ती उभी राहिली. छायाचित्रकार म्हणाला, हसा. ती म्हणाली, "काय झालंय हसायला?" आणि हसली. फोटो छान आला. मग तो म्हणाला, दुसऱ्या बाजूनेही काढू, पऱ्याकडून, लहान माड दिसतील.

"खाली नको," काकी म्हणाली. "खालची बगण्यासारकी ऱ्हायली नाय."

मी पऱ्या उतरून खाली गेले. लहान माडांची पानं कात्रीने कापल्यासारखी होती. कित्येकांना मधला कोंबच नव्हता, नुसती बाहेरची चार पानं लोंबत होती. काही आधीच तोडून बाजूला टाकलेले. फळाला आलेला एकही नव्हता. कळशीने पाणी घालून वाढवलेल्या त्या माडांपैकी सात-आठ उभे होते, बाकी गेले होते. गायऱ्यांत पाय घातला तर अळ्या.

मागून काकी आली. मी म्हटलं, "काकी, प्रयोग तर केव्हाच संपला. तुम्ही पूड टाकली नाहीत?"

"तुमी कुटं सांगितलाव?" काकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच मला जास्त लाज वाटली. "तुमी बोल्लाव, मी सांगेस्तोवर हात लावू नका. मी वाट बगत होते. मदी बाजारात तुमची पिशवी दिसली, ती इकत आनून ठेवलीय पन. दोनदा सोडायला घेतली. मंग म्हटलं नको, मागच्या टायमाला माज्यामुळं तुमचा सगळा इस्कटला. त्या पोरींच्या पोटाचं काय झालं आसतं! माज्या मोबाईलवर रोज सकाळी येतो तुमचा निरोप, सूर्य येतो. मी रोज शेजारच्या पोराला इचारते, काय लिवलंय, टाकू म्हन्लंय काय? तो म्हनतो, तसं काय लिवलेलं नाय."

मी तिला नुकसान भरून देऊ, नवी रोपं देऊ, असलं काहीतरी पुटपुटले. ते नंतर दिलंही. पण इतक्या वर्षांचा माड कुठून आणून देणार? पूर्वी मी म्हणत असे की विज्ञानात कंट्रोल हा सगळ्यात निरुपद्रवी भाग असतो, त्यात आपण काहीच करत नाही.

काकीने पदर खोचला आणि विचारलं, "मंग आता टाकू काय?"

मी हो म्हणाले. एवढंच सांगायचं राहिलं होतं. दोन शब्दांचं काम होतं, आणि माझ्या कंपनीत शेतकऱ्यांशी नातं ठेवायला चार माणसं पगारावर होती.